टॉर्चचा सेल आणि टॉर्चची उष्णता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हजार ल्युमेनच्या पुढची, एका लिथियम-आयन सेलवर चालणारी टॉर्च घरात आली की आठवड्याच्या आत दोन प्रश्न येतात : हिच्यात सेल कुठला टाकू, आणि ही एवढी तापते कशी? (ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचं माप.) हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. सेलमधून जितका करंट ओढाल तितका उजेड, आणि त्याच्या जोडीने तितकी उष्णता. सेल चुकला तर उजेड पडत नाही, उष्णतेकडे दुर्लक्ष झालं तर सेल आणि एलईडी दोन्ही लवकर मरतात.

गावाकडे अख्ख्या टॉर्चलाच ‘बॅटरी’ म्हणतात. घोटाळा नको म्हणून इथे आत बसतो त्याला सगळीकडे ‘सेल’ म्हटलं आहे.

१८६५० आणि २१७०० हे आकडे कसले?

पहिले दोन आकडे व्यास, पुढचे दोन लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. शेवटचा शून्य म्हणजे आकार गोल नळीसारखा. म्हणजे १८६५० हा १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब, २१७०० हा २१ मिमी जाड आणि ७० मिमी लांब. व्होल्टेज दोघांचं एकच : सरासरी ३.६ ते ३.७, पूर्ण भरल्यावर ४.२.

२१७०० च्या टॉर्चमध्ये प्लास्टिकची नळी घालून १८६५० चालवता येतो. बऱ्याच टॉर्चबरोबर ती नळी येतेच. उलटं जमत नाही. नवी टॉर्च घेत असाल आणि खिशाच्या मापाचा आग्रह नसेल, तर २१७०० घ्या. सेल थोडाच मोठा, पण साठा सुमारे दीडपट, आणि टॉर्चचं अंगही मोठं असल्याने ती उशिरा तापते.

सगळ्यात जास्त एमएएचचा सेल घेतला की झालं ना?

नाही. सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

एमएएच म्हणजे टाकीत पाणी किती. पण टाकीचा नळ केवढा आहे हे त्यावरून कळत नाही. सेलमधून सलग किती अँपिअर ओढता येतात, हा आकडा वेगळा असतो आणि शक्तिशाली टॉर्चसाठी तोच आधी बघायचा. एकाच मापाच्या सेलमध्ये साठा वाढवला की साधारणपणे करंटची ताकद घटते, कारण आतले थर जाड करावे लागतात.

२१७०० मध्ये सॅमसंगचा ५०ई घ्या : ५००० एमएएच, पण सलग करंट ९.८ अँपिअर. मोलिसेलचा पी४२ए : ४२०० एमएएच, करंट ४५ अँपिअर. सॅमसंगचा ४०टी : ४००० एमएएच, ३५ अँपिअर. १८६५० मध्ये एलजीचा एमजे१ ३५०० एमएएच आणि १० अँपिअर, सॅमसंगचा ३०क्यू ३००० एमएएच आणि १५ अँपिअर. पॅनासॉनिकचा एनसीआर१८६५०बी ३४०० एमएएचचा आहे, पण करंट जेमतेम ५ अँपिअर. हेडटॉर्चला तो उत्तम, चार एलईडीच्या टर्बोला (टर्बो म्हणजे टॉर्चचा सगळ्यात जोरदार उजेड) अगदी कुचकामी.

फरक कसा पडतो ते आकड्यात बघा. एका सेलचा अंतर्गत रोध ३० मिलीओहम आहे, दुसऱ्याचा १५. टॉर्च १५ अँपिअर ओढते. पहिल्या सेलमध्ये ०.४५ व्होल्ट आतल्या आतच गळतात, दुसऱ्यात त्याच्या निम्मे. पहिला सेल स्वतः सुमारे ६.७५ वॉट उष्णता करतो, दुसरा ३.४. म्हणजे कमी ताकदीच्या सेलवर उजेड कमी पडतो आणि वर टॉर्चच्या पोटात एक लहानसा हीटरही चालू राहतो.

याउलट, ज्या टॉर्चची भूक ५–६ अँपिअरच्या पुढे जात नाही तिच्यात पी४२ए टाकून काहीच मिळत नाही, उलट ८०० एमएएच घालवता. तिथे ५०ई हाच योग्य.

माझी टॉर्च किती अँपिअर ओढते हे कसं काढायचं?

माहितीपत्रकात असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर अंदाज असा : खऱ्या ल्युमेनना १०० ने भागा, आले ते एलईडीला जाणारे वॉट. त्यात ड्रायव्हरच्या, म्हणजे एलईडीला करंट पुरवणाऱ्या आतल्या सर्किटच्या, नुकसानीचे दहा-पंधरा टक्के मिळवा आणि ३.५ ने भागा, कारण भार पडल्यावर सेल साधारण तेवढ्यावर येतो. ३००० ल्युमेन म्हणजे ३० वॉट, नुकसान धरून सुमारे ३४, म्हणजे जवळपास १० अँपिअर. अशा टॉर्चला किमान १५ अँपिअरचा सेल द्या. काठावरचा सेल नवा असताना चालतो, शंभर-दीडशे चार्जनंतर रोध वाढला की टर्बो लावल्याबरोबर टॉर्च मिचकते किंवा बंद पडते.

९९०० एमएएच लिहिलेला १८६५० स्वस्तात मिळतोय. घेऊ?

घेऊ नका. १८६५० च्या डब्यात आज साधारण ४००० एमएएचच्या वर मावत नाही, बहुतेक चांगले सेल ३५००–३६०० पर्यंतचेच. त्यापुढचा कुठलाही आकडा खोटा आहे, आणि ज्याने आकडा खोटा छापला त्याने आतल्या सुरक्षेवर खर्च केला असेल असं धरायला जागा नाही.

पकडायची सोपी युक्ती म्हणजे स्वयंपाकघरातला किंवा सोनाराकडचा काटा. खरा १८६५० साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो, २१७०० सुमारे ७० ग्रॅम. ३०–३५ ग्रॅम भरला तर आत माल कमी आहे. दुसरी खूण भारतीय बाजारासाठी : लिथियम सेलना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे, आयएस १६०४६ या मानकाखाली, आणि ‘आर-’ ने सुरू होणारा क्रमांक सेलवर किंवा पाकिटावर छापलेला असतो. क्रमांक नुसता छापणंही अवघड नाही, म्हणून तो ब्युरोच्या संकेतस्थळावर तपासा. तिसरी आणि खात्रीची परीक्षा म्हणजे साठा मोजणारा चार्जर : सेल पूर्ण भरायचा, ०.५ अँपिअरने उतरवायचा आणि आकडा वाचायचा. नव्या सेलचा आकडा छापील आकड्याच्या ९५ टक्क्यांच्या आत-बाहेर यायला हवा.

प्रोटेक्टेड सेल घ्यावा की साधा?

प्रोटेक्टेड सेलच्या बुडाशी एक छोटं गोल सर्किट असतं. व्होल्टेज फार उतरलं, जास्त चढलं किंवा शॉर्ट झाला तर ते वाट तोडतं. त्यामुळे सेल ३ ते ५ मिमी लांब होतो आणि काही टॉर्चमध्ये बसत नाही. टोपण जोर लावून आवळलं तर स्प्रिंग चेपते आणि तेच सर्किट चिरडतं.

घरातल्या कुणालाही वापरायला द्यायची टॉर्च, आणि जिच्या ड्रायव्हरमध्ये कमी व्होल्टेजचा कटऑफ नाही अशी साधी टॉर्च : इथे प्रोटेक्टेडच. १५ अँपिअरच्या वरच्या टॉर्चमध्ये मात्र बहुतेक प्रोटेक्शन सर्किट टर्बोलाच शॉर्ट समजून वाट तोडतात. तिथे चांगल्या कंपनीचा साधा सेल घालायचा, पण टॉर्चमध्ये स्वतःचा कटऑफ आहे याची खात्री करूनच.

सेलचं डोकं सपाट आहे, टॉर्चला टच होत नाही. मध्ये लोहचुंबक ठेवू का?

कधीही नाही. ते बारीक चकतीचुंबक हादऱ्याने सरकतात. सेलचं टोक नीट बघा : मधे धन टोक, त्याच्याभोवती पांढरी किंवा रंगीत कागदी रिंग, आणि रिंगच्या बाहेर आवरणाखाली लगेच डब्याची कड, जी ऋण आहे. दोघांत अंतर मिलिमीटरभराचं. चुंबक तेवढा सरकला की थेट शॉर्ट. उंचवट्याचा सेल मिळतो, तो घ्या.

जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल फुकट मिळतात. चालतील?

हजार ल्युमेनच्या आतल्या टॉर्चला, साठा मोजून, चालू शकतात. शक्तिशाली टॉर्चला नाही. लॅपटॉपमधले सेल बहुधा २२०० ते २६०० एमएएचचे, करंटही एक-दोन सीच्या मर्यादेतला (१ सी म्हणजे साठ्याच्या आकड्याएवढेच अँपिअर), आणि वर्षानुवर्षं गरम जागेत पूर्ण भरून बसलेले. त्यांचा रोध वाढलेला असतो. शिवाय पॅक फोडताना पट्ट्या ओढल्या की आवरण आणि कागदी रिंग फाटते.

साध्या एए सेलवर जोरदार टॉर्च चालेल का?

नाही. एए साठी रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड घ्या, १.२ व्होल्ट आणि २००० एमएएचच्या आसपासचे. अल्कलाइन सेल एक अँपिअर ओढला तरी दमतो, आणि विसरून आत राहिला की पोटॅशियम हायड्रॉक्साइड गळून स्प्रिंग आणि आटे खाऊन टाकतो. पावसाळ्यापूर्वी घरातल्या सगळ्या टॉर्च उघडून एवढं तरी बघावं.

दोन किंवा चार सेलची टॉर्च असेल तर?

आधी हे पाहा की सेल एकामागे एक आहेत की शेजारी-शेजारी.

एकामागे एक म्हणजे सिरीज. इथे एक सेल दुबळा असेल तर तो आधी रिकामा होतो आणि उरलेले सेल त्याच्यातून उलटा करंट ढकलतात. लिथियम सेल फुटण्याच्या वाईट घटनांमागे हे एक ठरलेलं कारण आहे. म्हणून सगळे सेल एकाच मॉडेलचे, एकत्र घेतलेले, कायम एकत्र वापरलेले आणि एकत्र भरलेले. मार्करने त्यांच्यावर ‘अ१, अ२’ असं लिहून ठेवा. एक मेला तर सगळा संच बदला.

शेजारी-शेजारी म्हणजे पॅरलल. इथे धोका बसवतानाचा. एक ४.२ व्होल्टचा आणि एक ३.४ चा बसवला की भरलेला सेल रिकाम्यात बेसुमार करंट ओततो. सगळे पूर्ण भरा, मल्टिमीटरने मोजा, फरक ०.०५ व्होल्टच्या आत आला की मगच टोपण लावा.

चार्जिंग कसं करायचं? टॉर्चच्या यूएसबीने केलं तर चालतं का?

चालतं. फक्त दोन गोष्टी बघा. पहिली, चार्ज संपल्यावर सेल बाहेर काढून मल्टिमीटर लावा : ४.१५ ते ४.२० यायला हवं, ४.२५ च्या वर आलं तर ते चार्जिंग पुन्हा वापरू नका. दुसरी, टॉर्च टाइप-सी ते टाइप-सी केबलवर चार्जच होत नाही अशी तक्रार असते. त्यात टॉर्च बिघडलेली नसते. सॉकेटमध्ये ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर घालायचे वाचवलेले असतात, त्यामुळे चार्जरला पलीकडे काही जोडलंय हेच कळत नाही. जुनी चौकोनी यूएसबी ते टाइप-सी केबल लावा, चार्ज होईल.

बाहेरचा चार्जर घेतलात तर १८६५० ला १ ते १.५ अँपिअर आणि २१७०० ला २ अँपिअर पुरेसे. सेल कोमट व्हावा, गरम नाही. टॉर्च नुकतीच टर्बोवर चालली असेल तर सेल आधी थंड होऊ द्या, ४५ अंशांच्या वर चार्जिंग करू नये. शून्याखालीही करू नये. लडाख-हिमाचलच्या ट्रेकला तंबूत चार्ज करणाऱ्यांनी सेल आधी झोपायच्या पिशवीत घेऊन उबदार करावा. गादीवर, उशीजवळ, सगळे झोपल्यावर : यांतलं काहीच नको. फरशीवर ठेवा आणि जागे असताना भरा.

स्वस्त हेडटॉर्चबरोबर सरळ भिंतीत खोचायचा जो पिनवाला चार्जर येतो, त्यातले कित्येक ४.२ ला थांबत नाहीत. तो वापरूच नका.

सेल उतरला हे कधी समजायचं?

विश्रांतीनंतर ३.२ व्होल्ट दिसले की तो रिकामा धरा. ३.६–३.७ म्हणजे अर्ध्याच्या आसपास. २.५ च्या खाली गेला की नुकसान सुरू होतं : आतलं तांबं विरघळतं आणि पुढच्या चार्जला ते सुईसारखं वाढून आतून शॉर्ट करू शकतं. २.० च्या खाली राहिलेला सेल पुन्हा भरायचा नाही, कितीही महाग असला तरी. २.० आणि २.५ च्या मधला असेल तर ०.२ अँपिअरने समोर बसून ३.० पर्यंत आणा, मग नेहमीसारखा भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी ४.१ च्या खाली आला तर टाकून द्या.

ठीक. मग टॉर्च एवढी तापते का?

कारण एलईडीला दिलेल्या विजेचा मोठा भाग उजेड होत नाही. एलईडी साध्या बल्बच्या तुलनेत खूप काटकसरी असला तरी जोरात चालवल्यावर त्यातल्या विजेतला एक-तृतीयांश ते चाळीस टक्के भागच प्रकाशात जातो. उरलेली सगळी उष्णता, आणि तीही नखाएवढ्या जागेत.

ती बाहेर यायची वाट अशी : एलईडी, त्याखालची तांब्याची पट्टी, थर्मल पेस्टचा पातळ थर, टॉर्चच्या डोक्यातला अ‍ॅल्युमिनियमचा कप्पा, बाहेरचं अंग, पंखासारख्या खाचा आणि शेवटी हवा. यातली एक कडी कच्ची असली की मागे सगळं तुंबतं.

हिशेब करू. ३००० ल्युमेनची टॉर्च सेलमधून ३४–३५ वॉट घेते, त्यातले सुमारे २४ वॉट उष्णता होतात. अ‍ॅल्युमिनियमचं अंग १५० ग्रॅम. एक ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम एक अंशाने तापवायला ०.९ ज्यूल लागतात, म्हणजे अख्ख्या टॉर्चला अंशामागे १३५ ज्यूल. सेकंदाला २४ ज्यूल येतायत, म्हणजे मिनिटाला दहा अंशांहून थोडी जास्त वाढ. २८ अंशांवर चालू केलेली टॉर्च अडीच मिनिटांत ५५ ला पोचते.

आणि एवढ्या आकाराची टॉर्च स्तब्ध हवेत बाहेर किती टाकू शकते? हवेपेक्षा २५ अंश गरम असताना जेमतेम ४ ते ५ वॉट. हाच आकडा सगळं ठरवतो. डब्यावर ३००० लिहिलेलं असो वा १००००, हाताच्या मापाची टॉर्च वारा नसताना सलग देऊ शकते ते साधारण ७०० ते ९०० ल्युमेन. त्याच्यावरचं सगळं उधारीवर आहे, आणि ती उधारी अ‍ॅल्युमिनियमच्या वजनातून येते. म्हणून दोन टॉर्चमधून निवडताना टर्बोचे आकडे बाजूला ठेवून वजन आणि ‘सलग किती ल्युमेन’ हे विचारा.

डब्यावर ३००० ल्युमेन, दोन तास असं लिहिलंय. माझी तर दोन मिनिटांत मंद होते. खराब निघाली का?

बहुधा नाही. टॉर्च मोजायच्या एएनएसआय एफएल१ मानकात उजेड ३० सेकंद ते २ मिनिटांच्या दरम्यान मोजतात, आणि चालण्याचा वेळ मात्र उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत धरतात. म्हणजे ३००० ने सुरू होऊन दोन मिनिटांत ८०० वर आलेली टॉर्च ३०० ल्युमेनपर्यंत उतरेस्तोवर ‘३००० ल्युमेन, दोन तास’ असंच लिहिता येतं. यात खोटं काही नाही, पण घेणाऱ्याची समजूत मात्र चुकते.

घड्याळ लावून दोनदा पाहा, एकदा बंद खोलीत आणि एकदा टेबल फॅनच्या वाऱ्यात. फॅनसमोर जास्त वेळ टिकली तर तिच्यात तापमान मोजून उजेड उतरवणारी यंत्रणा आहे, ही चांगली खूण. दोन्हीकडे नेमक्या त्याच सेकंदाला उतरली तर तिच्यात नुसता टायमर आहे. टायमरवाली टॉर्च पुन्हा पुन्हा टर्बोवर चढवू नका, ती किती तापली आहे हे तिला कळतच नाही.

किती तापलेली चालते?

हात हाच पहिला थर्मामीटर. ४५ अंशांची टॉर्च गरम लागते पण धरता येते. ५० ला हात बदलावासा वाटतो. ५१ अंशांचा उघडा धातू मिनिटभर घट्ट धरला तर भाजू शकतं, ६० च्या पुढे काही सेकंद पुरतात. सेलसाठी वापराची वरची मर्यादा सर्वसाधारणपणे ६० अंश. म्हणून मर्यादा ५० च्या आसपास ठेवलेली बरी. हात भाजण्याआधी टॉर्च उतरली पाहिजे.

हातमोजे घालून किंवा स्टँडला लावून वापरणाऱ्यांनी जास्त जपावं, कारण चटक्याची सूचना मिळत नाही आणि हाताने वाहून नेली जाणारी उष्णताही आतच राहते. तळहातातलं रक्त टॉर्चला बऱ्यापैकी थंड करत असतं.

अँड्युरिलवाल्या टॉर्चमध्ये तापमानाची मर्यादा कशी बदलायची?

अँड्युरिल म्हणजे काही टॉर्चच्या आत चालणारं सॉफ्टवेअर. अँड्युरिल २ मध्ये असं : टॉर्च तासभर बंद ठेवा, म्हणजे ती खोलीच्या तापमानाला येते. बंद अवस्थेत तीन क्लिक करा, सेलचं व्होल्टेज लुकलुकून दिसेल. मग दोन क्लिक, आता तापमान दिसेल. तिथे सात वेळा दाबा आणि सातव्यांदा दाबून धरा. पहिल्या लुकलुकीनंतर सोडलं की आत्ताचं तापमान द्यायचं असतं : खोली २८ अंश असेल तर २८ क्लिक. दुसऱ्या लुकलुकीपर्यंत धरून मग सोडलं की मर्यादा : ३० च्या वर जितके अंश हवे तितके क्लिक. ५० हवेत तर २० क्लिक.

आधी पहिलं करा, मग दुसरं. सेन्सर दहा अंशांनी चुकत असेल तर मर्यादेच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

विदर्भातल्या उन्हाळ्यात वेगळी काळजी लागते का?

लागते. टॉर्चला उष्णता टाकायला हवेशी फरक लागतो. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात दुपारी ४५ अंश असताना तपासणीसाठी टॉर्च लावली तर ५० च्या मर्यादेपर्यंत पाच अंशच हातात आहेत. ती जवळजवळ लगेच उतरणार. थंडीत महाबळेश्वरला १० अंशांत तीच टॉर्च कितीतरी वेळ जोरात चालते. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तापमान ६०–७० पर्यंत सहज जातं, तिथे भरलेला सेल ठेवू नका.

रात्री पाणी द्यायला जातो. टॉर्च तापू नये आणि पहाटेपर्यंत पुरावी, काय करू?

रात्रीची थ्री-फेज असली की दारं धरायला पाच-सहा तास बांधावर जातात. चालायला, सरी बघायला, पायाखालचा साप दिसायला १५० ते २०० ल्युमेन भरपूर होतात. २०० ल्युमेनला टॉर्च साधारण २ वॉट घेते. ५००० एमएएचच्या २१७०० मध्ये १८ वॉट-तास असतात, म्हणजे नुकसान धरूनही आठ तास. अंग कोमटसुद्धा होत नाही. उसाच्या कडेला खसफस झाली की दहा-वीस सेकंद टर्बो मारा आणि परत खाली या. याच कामासाठी टर्बो असतो.

त्यात रुंद झोताची टॉर्च घेऊ नका, लांब पल्ल्याची घ्या. पल्ला ल्युमेनवर नव्हे, कँडेलावर, म्हणजे झोताच्या तीव्रतेवर ठरतो : कँडेलाचं वर्गमूळ गुणिले दोन, तेवढे मीटर. ४०,००० कँडेला म्हणजे ४०० मीटर, पण ते पौर्णिमेच्या चांदण्याएवढ्या उजेडाचं अंतर आहे. ओळख पटायला त्याच्या निम्मं धरा.

गरम टॉर्चवर पाणी ओतलं तर?

काच तडकू शकते आणि आतली गरम हवा आकसून ओल आत ओढली जाते. ओला रुमाल अंगाला गुंडाळा, काचेला नाही. सह्याद्रीत पावसात चालताना वारा आणि थेंब आपोआप हे काम करतात.

माझी टॉर्च टर्बोलाही थंडगार राहते. चांगलंच ना?

बहुतेक वेळा वाईट. २५ वॉट उष्णता कुठेतरी जायलाच हवी. अंग थंड आहे याचा अर्थ एकतर टॉर्च सांगते तेवढा उजेड देतच नाही, किंवा उष्णता एलईडीपाशीच अडकली आहे. काही सेकंदांत झोत निळसर होऊन मंदावत गेला तर दुसरंच. डोकं उघडता येत असेल तर पट्टीखाली पेस्ट आहे का बघा. सुकलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावा. जाड थर उष्णता अडवतो. पट्टीचे स्क्रू आलटून पालटून सारखे आवळा.

स्प्रिंग तापते, टर्बो कमी वाटतो.

पोलादी स्प्रिंगचा रोध २० मिलीओहम असेल तर १५ अँपिअरला ती ०.३ व्होल्ट खाते आणि साडेचार वॉटने तापते. तापून ती मऊ पडते आणि रोध आणखी वाढतो. उपाय म्हणजे सिलिकॉन आवरणाची २० किंवा २२ गेजची तांब्याची लवचिक वायर स्प्रिंगच्या बुडापासून टोकापर्यंत डाग देऊन जोडणं. वायर स्प्रिंग दाबली जाईल एवढी सैल ठेवा. त्याआधी आटे आणि टोपणाची कड अल्कोहोलने पुसून बघा; निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

खिशात आपोआप चालू होते.

हे गंभीर आहे. जोरदार झोत काळ्या कापडाला टेकलेला असेल तर कापड धुमसतं. टोपण पाव फेरा सैल करा. आट्यांवर अ‍ॅनोडायझिंग (वीज न जाऊ देणारा थर) असेल तर विजेची वाट तिथेच तुटते, आणि स्विच जो सूक्ष्म करंट सतत खात असतो तोही थांबतो.

सेल फुगला, फुसफुसला किंवा गोड-उग्र वास आला तर?

टॉर्च बंद करा, उघडू नका. घट्ट बंद नळीत दाब साठला तर काच किंवा टोपण गोळीसारखं उडतं, म्हणून ती आडवी, दोन्ही टोकं कुणाकडे न येतील अशी, उघड्यावर ठेवा आणि लांब व्हा. बाहेर येणाऱ्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असू शकतो, तो हुंगू नका. पेट घेतला आणि जवळ जाणं भाग असेल तर लांबून भरपूर पाणी. लिथियम-आयन सेलला थंड करणं हाच इलाज आहे.

सेलचं आवरण थोडं फाटलंय.

डोक्याजवळ तांदळाएवढा जरी चीर असेल तरी वापर थांबवा. त्या चिरेतून दिसणारा चकचकीत धातू ऋण आहे, आणि धन टोक तिथून मिलिमीटरभरच लांब. कागदी रिंग नवी बसवा, १८६५० च्या मापाचं पीव्हीसी आवरण चढवा, केस वाळवायच्या ड्रायरने फिरवत आकसवा. डब्याला पोचा आलेला असेल तर मात्र आवरण बदलून उपयोग नाही, तो सेल गेला.

महिनोन्‌महिने ठेवायचे असतील तर?

३.६ ते ३.८ व्होल्टवर, टॉर्चच्या बाहेर, प्लास्टिकच्या डबीत, थंड कपाटात. सुट्टे सेल किल्ल्यांबरोबर खिशात कधीच नाही.

विमानात नेता येतात?

सुटे सेल फक्त हातातल्या सामानात, प्रत्येक सेल डबीत किंवा टोकांना चिकटपट्टी लावून. १०० वॉट-तासांपर्यंत विमान कंपनीची वेगळी परवानगी लागत नाही आणि २१७०० हा १८ वॉट-तासांचा असतो. पाणबुड्यांची जोरदार टॉर्च नेताना आधी कंपनीला विचारा आणि सेल बाहेर काढून ठेवा.

मेलेले सेल कुठे टाकायचे?

ओल्या-सुक्या कचऱ्यात नाही. कचरागाडीत दाबले गेले की पेट घेतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेले सेल गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून ई-कचरा केंद्रात किंवा मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातल्या संकलन पेटीत द्या. देण्याआधी दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि वर मार्करने ‘मेलेला’ लिहा, म्हणजे कुणी तो उचलून पुन्हा चार्जिंगला लावणार नाही.